कोणी न सुचवता सापडलेलं : पुस्तकं, कॉमिक्स, लघुपट

गोदाकाठ

'कालिया मर्दन' सुरू होतो तेव्हा पडद्यावर कृष्ण नसतो. सात वर्षांची एक मुलगी असते. ती समोर बघत एकामागून एक भाव चेहऱ्यावर आणते, आणि मग त्याच मुलीचा आपल्या डोळ्यांदेखत कृष्ण होतो. ही मुलगी म्हणजे दादासाहेब फाळक्यांची मंदाकिनी. सिनेमा १९१९चा, हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीचा, म्हणजे आपल्या नाशिकचा. यूट्यूबवर आहे, पाऊण तासाच्या आसपास चालतो.

मी तो पूर्ण बघायच्या आधी ही सुरुवातच तीन-चारदा मागे नेऊन पाहिली. ज्या काळात पडद्यावर देव दिसला की लोक हात जोडत होते, त्या काळात फाळके आधी सांगून टाकतात की हा देव नाही, माझी मुलगी आहे, आता ती देव कशी होते ते बघा. आणि एवढं सांगूनही पुढे नागाच्या फण्यावर कृष्ण नाचतो तेव्हा आपण मंदाकिनीला विसरतो. हे मला फार मोठं वाटतं. प्रेक्षकाला फसवायचं नाही, विश्वासात घ्यायचं, आणि तरीही गुंगवायचं.

मग मी मागे मागे जात राहिले. 'राजा हरिश्चंद्र' १९१३चा हे शाळेपासून पाठ आहे. पण त्याच्याही आधी, १९१२मध्ये, फाळक्यांनी एक छोटी फिल्म केली होती : 'अंकुराची वाढ'. लंडनहून कॅमेरा आणल्यावर त्यांनी कुंडीत वाटाणा लावला, समोर कॅमेरा ठेवला आणि महिनाभराहून जास्त काळ त्याचं थोडं थोडं चित्रण केलं. पडद्यावर ते सगळं मिनिटभरात. बी फुटतं, कोंब वर येतो, वेल होतो. ही फिल्म बघूनच काही जण कथापटासाठी पैसे द्यायला तयार झाले. म्हणजे भारतातल्या कथापटांच्या मुळाशी एक मिनिटाचा लघुपट आहे, आणि त्यात माणूस नाही, गोष्ट नाही, फक्त वेळ आहे.

पांडवलेणीच्या पायथ्याशी फाळके स्मारक आहे, तिथे आपण सगळे सहलीला गेलोय. पण वाटाण्याची ही गोष्ट मला तिथे कोणी सांगितली नव्हती. ती मला माझी मला सापडली, म्हणून ती माझी वाटते.

तर धागा त्यासाठी. पुस्तक, कॉमिक, लघुपट, काहीही चालेल. अट इतकीच की ते कोणत्याही 'वाचायलाच हवीत' छाप यादीतून आलेलं नको. आणि नुसतं नाव टाकून जाऊ नका. त्यातली एक जागा, एक पान, एक दृश्य नीट उलगडून सांगा.

रामशेज

मस्त धागा. वाचनखूण साठवली.

फाळक्यांचंच अजून एक. 'लंकादहन'मध्ये (१९१७) राम आणि सीता दोन्ही भूमिका एकाच नटाने, साळुंक्यांनी, केल्या होत्या. माहिती म्हणून हे माहीत होतं. पण वाचलेल्या तुकड्यांतून तो प्रसंग डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न करा : जो सीतेसाठी व्याकुळ झालाय तोच माणूस लंकेत बसून त्याची वाट बघतोय. तेव्हाची ती अडचण होती, बायका कामाला मिळत नव्हत्या. आज मात्र त्यातून भलतंच काहीतरी सुचत राहतं.

मनमाड पॅसेंजर

माझं कॉमिक आहे, आणि सविस्तर लिहिणार आहे.

'भीमायन'. २०११ साली नवयान प्रकाशनाने काढलं. चित्रं दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांची, दोघे परधान गोंड चित्रकार. शब्द श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचे. बाबासाहेबांनी स्वतःच्या आठवणी लिहून ठेवल्यात, 'वेटिंग फॉर अ व्हिसा' नावाने त्या प्रसिद्ध आहेत, मुख्य आधार त्यांचा.

मला ते एका मित्राच्या खोलीवर मिळालं. तो आंघोळीला गेला होता आणि मी सहज उघडलं. पहिल्यांदा पानं कळेचनात. कॉमिक म्हटलं की चौकटी हव्यात, डावीकडून उजवीकडे, वरून खाली. इथे चौकटीच नाहीत. गोंड घरांच्या भिंतींवर आणि अंगणात जी दिग्ना नक्षी काढतात, ती पानभर वळत जाते आणि तीच प्रसंग वेगळे करते. चित्रकारांना माणसं चौकटीत कोंडायची नव्हती, हे नंतर वाचलं. पण ते वाचायच्या आधीच पान उघडल्या उघडल्या जाणवतं.

आता ती एक जागा. यात माणसं बोलतात तेव्हा त्यांच्या शब्दांभोवतीचे फुगे वेगवेगळे आहेत. ज्याचं बोलणं मायेचं, किंवा जो अन्याय सोसतोय, त्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा. आणि ज्याच्या बोलण्यात जातीचं विष आहे, त्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. मनातल्या विचाराला डोळा काढलाय. एकदा हे लक्षात आलं की तुम्ही शब्द वाचायच्या आधीच कळतं, आता डंख बसणार. लहानग्या भीमाला पाणी नाकारणाऱ्याचं वाक्य साधं आहे, आवाज चढलेला नाही. पण नांगी आहे. मी शाळेत असताना अशी शांत आवाजातली वाक्यं ऐकली आहेत. त्यांना काय म्हणायचं ते मला कधी जमलं नव्हतं. या दोन चित्रकारांनी ते काढून दाखवलं.

त्यात चाळीसगावचा प्रसंग आहे. १९२९. बाबासाहेब स्टेशनवर उतरतात, वस्तीतली माणसं न्यायला येतात, पण एकही टांगेवाला महाराला टांग्यात बसवून हाकायला तयार नाही. शेवटी टांगा भाड्याने मिळतो, टांगेवाला नाही. वस्तीतलाच एक जण हाकतो, त्याला सवय नसते, आणि पुलाजवळ अपघात होतो. बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले जातात, पाय मोडतो. मी मनमाडहून त्या लाइनीने असंख्य वेळा गेलोय. चाळीसगाव माझ्यासाठी चहा घ्यायचं स्टेशन होतं. आता तसं राहिलेलं नाही.

आणि काळाराम मंदिर तर आपल्या पंचवटीत. २ मार्च १९३०ला सत्याग्रह सुरू झाला, पुढची पाच वर्षं चालला, दादासाहेब गायकवाडांनी तो नेटाने लावून धरला. मग १९३५ची येवल्याची धर्मांतराची घोषणा. हे सगळं आपल्या जिल्ह्यात घडलं. कोणीतरी नाशिकच्या पोराने किंवा पोरीने यावर असंच एखादं चित्रपुस्तक करावं, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

सिन्नरकर मास्तर

धागा आवडला. प्रतिसादही आवडले. तरीही एक शंका मांडतो, राग मानू नये.

मी चौतीस वर्षं मराठी शिकवले. 'त्या माळरानावर एकच बाभूळ होती' असे वाक्य वाचले की प्रत्येक मुलाच्या मनात वेगळी बाभूळ उगवते. चित्र दिले की सगळ्यांना एकच बाभूळ मिळते. चित्रकथेने वाचनाची गोडी लागते हे मान्य. परंतु ती पायरी आहे, मुक्काम नव्हे, असे माझे मत आहे. मनमाड पॅसेंजर यांनी सांगितलेली विंचवाची नांगी प्रभावी आहे, पण ती वाचकाच्या वतीने निर्णय घेऊन टाकते, असे नाही का वाटत?

माझा शोध वेगळा लिहितो, थोडा वेळ द्या.

रेघोट्या

सर, नमस्कार. मी चित्रकला शिकवते, त्यामुळे मला उत्तर द्यावंच लागेल.

बाभूळ एकच मिळते, खरंय. पण दोन चित्रांच्या मधली जी पांढरी पट्टी असते ना, तिथे काय घडलं ते कोणीच काढलेलं नसतं. स्कॉट मॅक्लाउड नावाच्या कॉमिक्सकाराचं 'अंडरस्टँडिंग कॉमिक्स' (१९९३) हे पुस्तक आहे, कॉमिक्स म्हणजे काय ते कॉमिकमधूनच समजावणारं. त्यात एक उदाहरण आहे. पहिल्या चौकटीत एक माणूस कुऱ्हाड उगारून दुसऱ्याच्या अंगावर धावतोय. दुसऱ्या चौकटीत रात्रीचं शहर, वर आकाशात एक किंकाळी. बस. कुऱ्हाड बसताना कुठेच काढलेली नाही. मॅक्लाउड म्हणतो, चित्रकाराने कुऱ्हाड फक्त उगारली. ती कुठे बसली, किती जोरात बसली, हे वाचकाने ठरवलं. खून वाचकाने केलाय.

हे मी सातवीच्या वर्गात फळ्यावर काढून दाखवलं (कुऱ्हाडीऐवजी क्रिकेटचा चेंडू आणि खिडकी घेतली). दोन चौकटी काढल्या आणि मध्ये काय झालं ते लिहा म्हटलं. एकाने लिहिलं काच फुटली. एकीने लिहिलं की खिडकी उघडीच होती, चेंडू आत आजोबांना लागला, ओरडले ते आजोबा. एकाने लिहिलं की चेंडू लागलाच नाही, पण काकू आधीच चिडलेल्या होत्या. तुमच्या बाभळीइतकंच मोकळं रान आहे हे, फक्त ते चित्रात नाही, चित्रांच्या मध्ये आहे.

आता माझा शोध. शॉन टॅनचं 'द अरायव्हल' (२००६). आख्ख्या पुस्तकात आपल्याला वाचता येईल असा एकही शब्द नाही. एक माणूस बायको-मुलीला मागे ठेवून परमुलखात जातो. जुन्या फोटोंसारखी पिवळट, पेन्सिलची चित्रं. त्या परक्या शहरातली अक्षरं, फळं, प्राणी, भांडी, सगळं टॅनने मनाने रचलंय. त्यामुळे वाचणाराही त्या माणसाइतकाच अडाणी होतो. त्याला पाटी वाचता येत नाही, आपल्यालाही येत नाही. तो भाकरी मागायला चित्र काढून दाखवतो, तेव्हा आपल्यालाही वाटतं, अरे, दुसरं काय करणार होता बिचारा.

आमच्या शाळेत सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कामाला आलेल्यांची मुलं खूप. उत्तर प्रदेश, बिहार, आणि आपल्याकडचेच पेठ-सुरगाण्याचे. एका मुलाने ते पुस्तक हट्टाने घरी नेलं. दुसऱ्या दिवशी आईने परत पाठवलंच नाही, आठवडाभर ठेवलं. मग पालकसभेला आल्यावर त्या मला एक पान उघडून दाखवत होत्या : माणूस नव्या खोलीत पेटी उघडतो आणि पेटीत कपडे नसतात, घरचं जेवणाचं टेबल असतं, बायको आणि मुलगी बसलेल्या. त्या म्हणाल्या, "मॅडम, हे आमचंच हाये." त्यांना लिहिता-वाचता येत नाही. एवढ्या मोठ्या पुस्तकाबद्दल त्या माझ्याशी वाचक म्हणून बोलत होत्या. सर, याला मी पायरी कशी म्हणू?

गोदाकाठ

रेघोट्या, हे वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. पालकसभेची गोष्ट इथे लिहिलीत, फार बरं केलंत.

सिन्नरकर मास्तर

रेघोट्याताई, आपले म्हणणे पटले. विशेषतः त्या माऊलींनी पेटीचे पान निवडले हे. 'पायरी' हा शब्द मी मागे घेतो, कारण त्यांच्यासाठी तो मुक्कामच होता.

आता माझा शोध. बाबूराव बागूल यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती!' हा कथासंग्रह १९६३चा. बागूल विहितगावचे, म्हणजे नाशिकचेच. नाव मी नोकरीच्या पहिल्या दिवसापासून ऐकून होतो, कारण अभ्यासक्रमांत, भाषणांत ते सतत येते. पण ऐकणे आणि वाचणे यांत फार अंतर असते. संग्रह हाती आला तो निवृत्तीनंतर, सार्वजनिक वाचनालयात दुसरेच काही शोधत असताना. (ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी : आपले सावाना १८४०चे आहे.)

शीर्षककथेतला तरुण रेल्वेत नोकरीला लागून परगावी जातो. खोली हवी असते. जात सांगितली तर खोली नाही. तो सांगत नाही. पुढे काय होते ते वाचावे. मी फक्त एवढे सांगतो की तो तरुण केविलवाणा नाही. तो आनंदी आहे, नव्या देशाबद्दल, कामगारांच्या उद्याबद्दल भरभरून बोलतो, कविता बोलतो. त्या उत्साहामुळेच आपल्याला भीती वाटत राहते. दुःखाची कथा दुःखी सुरात लिहिणे सोपे असते. बागूलांनी ती उमेदीच्या सुरात लिहिली, आणि शेवटी जे होते ते म्हणून अधिक लागते.

सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत वामनदादा कर्डक जन्मले. त्यांची गाणी आमच्या गावात मी लहानपणी ऐकली, ती कोणाची हे माहीत नसताना. तो शोध पुढे केव्हातरी लिहीन.

निफाडची थंडी

मी बी.एस्सी. करतोय. वाचन फार नाही, पण लघुपट खूप बघतो, कारण होस्टेलवर जेवणानंतर सगळे मिळून बघतो आणि झोपायच्या आधी एकच बघायचा असा नियम आहे.

'ला जेते', क्रिस मार्कर, १९६२, अठ्ठावीस मिनिटं. हा सिनेमा फोटोंचा आहे. म्हणजे खरंच नुसते काळे-पांढरे स्थिर फोटो, एकामागून एक, आणि एक आवाज गोष्ट सांगतोय. तिसऱ्या महायुद्धानंतर पॅरिस उद्ध्वस्त झालंय, माणसं जमिनीखाली राहतायत, आणि एका कैद्याला त्याच्या आठवणीच्या जोरावर भूतकाळात पाठवतात. तिथे त्याला एक बाई भेटते.

पहिली पाच मिनिटं पोरं कुरकुरली, 'हे काय पीपीटी लावलंय'. मग हळूहळू खोली गप्प झाली. एका ठिकाणी ती बाई झोपलेली आहे. तिचे फोटो एकात एक विरघळत जातात, आणि अचानक ती डोळे उघडते, पापण्या लवतात. खरोखर हलतात! आख्ख्या सिनेमात चित्र हलतं ते तेवढंच. आम्ही सगळे एकदम ओरडलो. आपण दिवसभर मोबाइलवर हलणारी चित्रं बघतो, हजारो. एका पापणीसाठी ओरडायची वेळ माझ्यावर पहिल्यांदा आली.

गोदाकाठ, तुमचा वाटाणा वाचला आणि मला हेच आठवलं. तिथे न हलणारी गोष्ट हलवून दाखवली, इथे हलू शकणारी गोष्ट धरून ठेवली. दोन्हीकडे खेळ वेळेचाच.

दुसरा, पटकन सांगतो. सत्यजित रायांचा 'टू', १९६४. संवाद नाही. बंगल्यातल्या मुलाकडे ढीगभर खेळणी, खाली झोपडीतल्या मुलाकडे बासरी, पतंग. बंगल्यातला मुलगा खिडकीतून एअरगनने त्याचा पतंग पाडतो. आमच्यातला एक जण पतंगवेडा येवल्याचा आहे. तो म्हणाला, काटला असता तर चाललं असतं, पण गोळी मारून पतंग पाडायचा नसतो. त्यावर रात्री एक वाजेपर्यंत वाद झाला की काटणं आणि पाडणं यात फरक काय. आणि नागराज मंजुळेंचा 'पिस्तुल्या' बघितला नसेल तर बघाच.

जुनं नाशिक

मी रद्दीच्या दुकानांतला माणूस. भद्रकाली, दूध बाजार, मेनरोडच्या गल्ल्या, सगळीकडे ओळखी. पुस्तकं किलोवर मिळायची त्या काळापासून.

इंद्रजाल कॉमिक्स १९६४ ते १९९० चालली, मराठीतही यायची. वेताळ (म्हणजे फँटम), मँड्रेक सगळ्यांना आठवतात. मला रद्दीत सापडला तो 'बहादूर'. आबिद सुरतींनी १९७६मध्ये निर्माण केलेला. भगवा कुर्ता, खाली जीन्स. वेताळ परदेशी जंगलात, मँड्रेक जादूच्या बंगल्यात, पण बहादूर आपल्याकडच्या धुळीत, चंबळच्या खोऱ्यात डाकूंशी लढणारा. गावकऱ्यांना संघटित करून स्वतःचं रक्षण करायला शिकवणारा. लहानपणी मारामारीसाठी वाचायचो. मोठेपणी परत वाचला तेव्हा लक्षात आलं की डाकूचा मुलगा असूनही बहादूर पोलिसांच्या बाजूने का जातो, असा अवघड प्रश्न तो माझ्यासारख्या पोरांसमोर ठेवत होता.

'चांदोबा'चे जुने अंक मिळाले तर विक्रम-वेताळाचं ते चित्र नीट बघा. खांद्यावर प्रेत, हातात तलवार, पायाखाली स्मशान. शंकर नावाच्या चित्रकाराचं. वर्षानुवर्षं गोष्ट दर महिन्याला नवी आणि सुरुवात तीच. गोष्ट संपली की वेताळ प्रश्न टाकतो, उत्तर माहीत असून दिलं नाहीस तर डोक्याची शकलं होतील. आमच्या आजीला मी वेताळाचा प्रश्न आला की थांबवायचो आणि आधी माझं उत्तर सांगायचो. ती म्हणायची, का ते सांग. नुसतं उत्तर तिला चालायचं नाही.

आता दुकानं कमी झाली, रद्दीत पुठ्ठा जास्त येतो. पण एक चांगली बातमी : बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे १९७१पासूनचे अंक इंटरनेटवर मोफत आहेत. माझ्या नातीबरोबर मी रोज एक उघडतो. तिला जाहिराती आणि वाचकांची पत्रं जास्त आवडतात, मला मुखपृष्ठं.

अंजनेरी

जुनं नाशिक काका, 'किशोर'बद्दल धन्यवाद, आजच उघडलं.

माझा शोध 'रिव्हर ऑफ स्टोरीज', ओरिजित सेन, १९९४. भारतातली पहिली ग्राफिक कादंबरी असं तिला म्हणतात. नर्मदा आंदोलनावर. मध्यंतरी ती मिळतच नव्हती, २०२२मध्ये परत छापली गेली. एक शहरी पत्रकार धरणाची बातमी करायला जातो आणि दुसरीकडे एक आदिवासी गायक नदीच्या जन्माची गाथा गातोय. दोन्ही आलटून पालटून येतात आणि चित्रांची शैलीही बदलते.

मी जलसंपदा क्षेत्रात काम करते. गंगापूर धरणाचे आकडे मला झोपेतही सांगता येतील. टक्केवारी, विसर्ग, आवर्तन. हे पुस्तक धरणाच्या विरोधातलं आहे आणि माझी त्याच्याशी सगळीकडे सहमती नाही. नाशिकला पाणी लागतं, निफाडच्या द्राक्षांना लागतं, मराठवाड्यालाही लागतं. पण त्यातली कामवाली रेलकू स्वतःची हकिकत सांगते ती पानं मी कामाच्या टेबलाशेजारी ठेवली आहेत. जंगल गेलं, जमीन गेली, आणि आता ती शहरात दुसऱ्याच्या घरी भांडी घासतेय, हे ती रडून सांगत नाही. आमच्या अहवालात 'विस्थापित कुटुंबे' असा रकाना असतो. मी तो भरते तेव्हा आता थांबून बघते की त्या आकड्यातली माणसं पुढे कुठे गेली हे कोणी लिहिलंय का. बहुतेक वेळा लिहिलेलं नसतं. गेल्या खेपेला मी विचारलं. उत्तर यायचंय.

रामशेज

अंजनेरी, उत्तर आलं की इथे नक्की लिहा.

कुसुमाग्रजांबद्दल कोणीच कसं लिहिलं नाही? मला सापडलेली गोष्ट : 'विशाखा' यायच्या आठ वर्षं आधी, १९३४मध्ये, तात्यांनी गोदावरी सिनेटोनच्या 'सती सुलोचना'ची पटकथा लिहिली आणि त्यात लक्ष्मणाचं काम केलं. बावीस वर्षांचे होते. फाळके आणि तात्यासाहेब, दोघांच्या नाशिकमधला सिनेमा शेजारी शेजारी ठेवून बघायला हवा, असं तेव्हापासून वाटतंय.

आणि कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी'च्या पुस्तकांच्या पेट्या ज्यांच्याकडे येतात त्यांनी पेटीत चित्रकथांची मागणी जरूर करा. मागितल्याशिवाय कोणी ठेवणार नाही.

सोसायटी सेक्रेटरी, इंदिरानगर

नवीन सदस्य. प्रश्न आहे.

आमच्या गच्चीवर मे महिन्यात मुलांना लघुपट दाखवायचा विचार चाललाय. प्रोजेक्टर आहे, पांढरी चादर आहे. 'नेबर्स' नावाचा कॅनडाचा लघुपट मला सापडला. नॉर्मन मॅक्लॅरेन, १९५२, आठ मिनिटं. दोन शेजारी, मध्ये एक फूल उगवतं, फूल कोणाचं यावरून भांडण. माणसांनाच बाहुल्यांसारखं एकेक फ्रेम हलवलंय, त्यामुळे ते उभ्याउभ्या घसरतात, हवेत तरंगतात. सुरुवातीला मुलं पोट धरून हसतील. आमच्या सोसायटीत पार्किंगवरून जे चाललंय ते बघता मोठ्यांनीही बघावा असं वाटतं. पण शेवट फार हिंसक आहे. दाखवू का?

रेघोट्या

दाखवा, पण लहानांना नको, नववीच्या पुढच्यांना. त्यात शेजारी एकमेकांच्या बायका-मुलांवर हात टाकतात ते दृश्य तेव्हाही अमेरिकेतल्या वितरकांनी कापायला लावलं होतं आणि व्हिएतनाम युद्धाच्या काळात ते परत जोडलं गेलं. ते दृश्य काढलं तर उरते ती फक्त गंमत, म्हणून कापून दाखवू नका. लहानांसाठी 'टू' लावा. आणि लघुपट संपल्यावर लगेच दिवे लावून 'यातून काय शिकलात' असं विचारू नका, पोरं पाठ केलेली उत्तरं देतात. कागद-खडू द्या, आठवतंय ते एक दृश्य काढा म्हणा. कोणी काय काढलं त्यावरून बोलणं आपोआप सुरू होतं.

निफाडची थंडी

सेक्रेटरी काका, आम्ही होस्टेलवरचे पाच-सहा जण आलो तर चालेल का? 'ला जेते' पेन ड्राइव्हमध्ये आणतो. मोठ्यांसाठी, मुलं झोपल्यावर.

सोसायटी सेक्रेटरी, इंदिरानगर

या की. शनिवार ठरवतो, वेळ व्यक्तिगत निरोपात कळवतो. सिन्नरकर सर, तुम्हीही या, परतायला उशीर होईल, मुक्कामाची सोय आमच्याकडे आहे.

सिन्नरकर मास्तर

येतो. बागूलांचा संग्रह सोबत आणतो. पहिली कथा कोणीतरी मोठ्याने वाचावी, अशी विनंती आहे.

गोदाकाठ

वाचन मी करते, सर. आणि सुरुवातीला मंदाकिनीची ती दोन मिनिटं लावूया.